ढिगारा उपसण्याची मुदत

२१ ऑक्टोबर

शोध थांबवला.

बचाव पथकाचा प्रमुख स्वतः घरी सांगायला आला. चिखलाचे बूट दाराबाहेर काढले, मोज्यांनीच आत आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. "डोंगर अजून हलतोय. माझी माणसं वर ठेवणं आता धोक्याचं आहे. आणि खरं सांगायचं तर—" मी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." खरंच असं म्हणाले! नवरा तिथे मातीखाली आहे आणि मी परक्या माणसाला सांगते, बरोबर आहे तुमचं. वर त्याला चहासुद्धा विचारला.

आई आतल्या खोलीत होत्या. (सासूबाई म्हटलेलं त्यांना चालत नाही. "मी काय दारावर पाटी लावून बसलेय, सासू म्हणून?") तो गेल्यावर बाहेर आल्या. म्हणाल्या, "त्यांनी थांबवलं. म्हणजे आता कुणीच शोधायचं नाही, असं असतं का?"

सातव्या वळणावर डोंगर खाली आला त्याला आज आठवडा झाला. मजूर सगळे खाली उतरले होते. ढिगाऱ्याखाली सिमेंटचं कोठार आहे, एक रोलर आहे आणि साइट ऑफिसची ती लोखंडी केबिन आहे. केबिनमध्ये तो. पहारेकऱ्याने सगळ्यांना तेच सांगितलं — "साहेब केबिनकडे जाताना मी पाहिले. मी खाली चहाला गेलो आणि मागे धडाड् आवाज झाला."

बिचारा पहारेकरी. चहाने वाचला म्हणून माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहतो.

२२ ऑक्टोबर

झोप नाही. रडूही नाही. नुसती जळजळ.

२३ ऑक्टोबर

ऑफिसला गेले. आईच म्हणाल्या, "जा. दोघींनी एकमेकींची तोंडं बघत बसून काय उजेड पडणार आहे?"

मी शिरले आणि सगळा मजला चिडीचूप. प्रिंटर तेवढा चालू होता, निर्लज्ज मेला. मालक धावत बाहेर आले. "वहिनी, तुम्ही कशाला आलात?" वहिनी! इतकी वर्षं मी त्यांची मॅडम होते. माझ्यावर ओरडायचे तेव्हासुद्धा मॅडम. आता मी कुणाची तरी बायको झाले, तीही कुणीतरी उरलं नसताना. मला माझी मॅडम परत हवी आहे.

मग त्यांनी बांधकाम खात्याचं पत्र दाखवलं. निर्णय होईपर्यंत सातव्या वळणावरच्या ढिगाऱ्याला हात लावायचा नाही. रस्ता पूर्ण करण्याची तारीख एकतीस डिसेंबर, ती तशीच. उलटली की दंड, फारच उलटली की कंत्राट रद्द. मालक म्हणाले, "मुदतवाढ मिळाली तर उपसू, वहिनी. मला काय तो नकोय? पण मुदतच नसेल तर ढिगारा तिथेच राहील आणि वरून रस्ता जाईल."

वरून रस्ता जाईल.

म्हणजे त्याला बाहेर काढायचं तर मुदतवाढ हवी. आणि या ऑफिसात मुदतवाढीचे दावे कोण लिहितं? मी! साइटवर उशीर करणारा तो आणि त्या उशिराला कारण शोधून देणारी मी — कुणाकडेही जेवायला गेलो की तो ही गंमत सांगायचा. "आमचा संसार मुदतवाढीवरच चाललाय," म्हणायचा, आणि कुणी हसायच्या आत स्वतःच हसायचा.

मालक म्हणाले, बाहेरून माणूस बोलावतो, तुम्ही कशाला त्रास करून घेता. मी म्हणाले, हा दावा मीच लिहिणार. दुसऱ्या कुणी त्यात स्वल्पविराम टाकला तरी कागद फाडून टाकीन.

२४ ऑक्टोबर

खात्याला सूचना गेली. "नैसर्गिक आपत्तीमुळे कामास विलंब होत असून सविस्तर दावा स्वतंत्रपणे सादर करण्यात येईल." ही सूचना वेळेत गेली नाही तर दावा तिथेच मरतो. मरतो — ऑफिसात आम्ही असंच बोलतो. दावा मेला, दावा जगला. आज पहिल्यांदा कानाला लागलं.

२८ ऑक्टोबर

हवामान खात्याच्या कचेरीत गेले. पाऊस असामान्य होता हे आधी सिद्ध करावं लागतं. नेहमीसारखा असेल तर कंत्राटदाराने तो गृहीत धरायला हवा होता, त्याची मुदत मिळत नाही. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "आकडे कशाला हवेत?" म्हटलं, कामाला.

आकडे मिळाले. त्या केंद्रावर एवढा पाऊस आजवर कधीच पडला नव्हता. केंद्र सुरू झाल्यापासून नाही! मला आनंद झाला. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते — जिन्यात उभी राहून मला आनंद झाला की पाऊस इतका भयंकर पडला. दावा पक्का झाला, असं वाटलं. आणि मग पायरीवर बसले आणि इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं, नाक-डोळे एक झाले. एक बाई वरून उतरत होती. "पाय मुरगळला का हो?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिने मला धरून खालपर्यंत आणलं आणि रिक्षात बसवलं. मीही अगदी लंगडत लंगडत गेले.

१ नोव्हेंबर

त्याच्या मावशीचा फोन. "दाखला काढून घे गं. पुढचं सगळं त्यावर अडतं." मी म्हटलं, पुढचं म्हणजे काय? आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "तुझ्या घरातलं कुणी हरवलं तर तू लगेच दाखला काढ हो," म्हणाल्या आणि ठेवून दिला! दोघी बहिणी पंधरा दिवस तरी बोलायच्या नाहीत आता.

आई खेळाच्या शिक्षिका होत्या. आवाज अजून मैदानाएवढा आहे. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनवरच हात ठेवून उभ्या होत्या. मी जवळ गेले नाही. गेले असते तर दोघीही कोसळलो असतो, आणि स्वयंपाक व्हायचा होता.

४ नोव्हेंबर

कामाचं वेळापत्रक संगणकात असतं. प्रत्येक कामापुढे एक जबाबदार माणूस. काम मागे पडलं की संगणक त्या माणसाला रोज सकाळी आपोआप निरोप धाडतो. आज दाव्यासाठी ते पान उघडलं. सातवं वळण, संरक्षक भिंत — उशीर. जबाबदार — तो.

रोज सकाळी निरोप जातोय त्याला! आपलं काम मुदतीत पूर्ण झालेलं नाही, कृपया कळवावे.

शेजारच्या टेबलावरची नवीन मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी नाव बदलून टाकू का?" मी तिच्या अंगावर अशी धावून गेले की तिचे डोळे भरले. नंतर माफी मागितली. नाव बदललं नाही. जाऊ दे त्याला निरोप. कुणीतरी रोज त्याला हाक मारतंय, संगणक तर संगणक.

९ नोव्हेंबर

दाव्यात घटनेचं वर्णन लिहायचं असतं. कोरडं, क्रमवार, विशेषणं नकोत — नव्या पोरांना मीच शिकवते. तर लिहिलं. "सदर भूस्खलनात कंत्राटदाराची साइट केबिन, कोठार व एक रोलर गाडले गेले, तसेच एक अभियंता बेपत्ता झाला."

एक अभियंता!

खोडलं. "प्रकल्प अभियंता" लिहिलं. खोडलं. मग त्याचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मालकांनी वाचलं, चष्मा पुसला. "वहिनी, माणसाचा मुदतीशी संबंध येत नाही. खातं म्हणेल, भावनेला हात घालताय. काढूया." त्यांचं चूक नाही. माझ्यापुढे दुसऱ्या कुणाचा दावा असता तर मीही लाल शाईने तेच वाक्य काढलं असतं. काढलं. आता वर्णनात केबिन आहे, कोठार आहे, रोलर आहे.

रोलर आहे आणि तो नाही.

१३ नोव्हेंबर

दावा दाखल. ढिगारा पूर्ण उपसून मग रस्ता — नव्वद दिवसांची वाढ मागितली. आईंना सांगितलं. म्हणाल्या, "देतील ना?" म्हटलं, माझा दावा आजवर परत आलेला नाही. "त्याला हे सांगायला हवं होतं," म्हणाल्या. "तो म्हणायचा, ही घरात भांडते तशी ऑफिसात भांडली तर खातं दोन वर्षं देईल."

आम्ही हसलो. दोघीही. मग आई उठून नळ सोडून भांडी घासायला लागल्या, घासलेलीच भांडी.

२० नोव्हेंबर

सल्लागारांकडे बैठक. खात्याच्या वतीने दावे तेच तपासतात. आमच्या घरात त्यांचं नाव दशांश, कारण मोजमाप सांगताना ते कधी पूर्णांकात बोलत नाहीत. नाव त्यानेच ठेवलेलं.

दशांशांनी माझा दावा पानापानाला खुणा करून वाचला होता. पाऊस मान्य. आपत्ती मान्य. विलंब मान्य. मी श्वास सोडणार तेवढ्यात म्हणाले, "पण ढिगारा उपसायचाच कशाला? थर देऊन दाबा, वरून रस्ता न्या. एका महिन्यात काम होतं." मी मोरीचं सांगितलं — रस्त्याखालची मोरी बुजली आहे, पाण्याला वाट दिली नाही तर सगळं पुन्हा घसरेल. "मोरीपुरतं खणा," म्हणाले. भिंतीच्या पायाचं सांगितलं. त्यालाही उत्तर तयार. मग शांतपणे म्हणाले, "विलंब कमीत कमी ठेवणं ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे, मॅडम. तुम्हाला मी सांगायला नको."

त्या माणसाने मला अजून मॅडम म्हटलं. त्याबद्दल आभार मानावेत असंही वाटलं आणि गळा धरावा असंही.

मालक टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होते, गप्प बसा म्हणून. मी गप्प बसले नाही. म्हणाले, "केबिनमध्ये माझा नवरा आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत आहे. मी त्यांना ओळखत होतो, चार वेळा भांडलोय त्यांच्याशी. पण हे मी कंत्राटात कुठे बसवू? तुम्ही कलम सांगा. तुम्ही म्हणाल तिथे बसवतो." टिंगल नव्हती त्यांच्या आवाजात. खरंच विचारत होते. ते कंत्राट मला तोंडपाठ आहे. तसं कलम नाही.

२१ नोव्हेंबर

तरी परत पहिल्या पानापासून वाचलं. एक कलम आहे! खोदताना पुरातन वस्तू सापडल्या तर काम थांबवायचं, त्या नीट बाहेर काढायच्या आणि लागेल तेवढी मुदतवाढ द्यायची. नाणी, मूर्ती, शिलालेख, अवशेष. हजार वर्षांपूर्वीचं कुणाचं हाड सापडलं असतं तर सगळा रस्ता थांबला असता, तज्ज्ञ ब्रश घेऊन आले असते.

माझा नवरा पुरेसा जुना नाही.

२६ नोव्हेंबर

मालकांनी बोलावलं. एक महिना मिळतोय तो घेऊया, म्हणाले. "माझ्याकडे दोनशे माणसं कामाला आहेत, वहिनी. कंत्राट गेलं तर त्यांना घेऊन कुठे जाऊ?" मी खूप ओरडले. काय काय बोलले ते आठवून आता अंगावर काटा येतो. तुमचा मुलगा असता तर, असंही म्हणाले. मालक रडायला लागले, त्या मोठ्या टेबलामागे, लहान पोरासारखे. मला त्यांची कीव आली नाही. आता येते आहे, थोडी.

शेवटी दहा दिवस दिले. दहा दिवसांत काही जमलं नाही तर ते महिन्यावर सही करणार.

२ डिसेंबर

सल्लागारांची साइटवर पाहणी होती. आई म्हणाल्या, मी येणार. नको म्हणून भागणारं नव्हतं. बूट घालून, कमरेला ओढणी बांधून जीपमध्ये माझ्याआधी जाऊन बसल्या.

मी तिथे त्या दिवसानंतर पहिल्यांदाच गेले. वाटलं होतं काहीतरी भयानक दिसेल. नुसती माती. तांबडी, ओली, गवत उगवायला लागलेली. शहराकडून चढत आलेला रस्ता ढिगाऱ्यापाशी येऊन संपतो, भिंतीला डोकं आपटावं तसा. ढिगाऱ्याचा खालचा अर्धा भाग त्या रस्त्यावर आणि उतारावर पसरलाय. वरच्या अर्ध्या भागात कोठार आणि केबिन. पोकलेनवाल्याने बोट करून जागा दाखवली. त्या बोटाकडे मी बघू शकले नाही.

दशांश मोजमापं घेत होते. आई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, रस्ता इथून जाणार?" हो म्हणाले. "मग उद्या इथून बस जाईल. माझी बहीण पलीकडे राहते. मी त्या बसमध्ये बसायचं की नाही, तेवढं सांगा. बसले तर इथे आल्यावर पाय वर घेऊन बसू का?"

मैदानाएवढ्या आवाजात! मजूर कामं सोडून बघायला लागले. दशांशांच्या हातातली टेप गुंडाळली गेली, आपली आपणच. पण निघताना माझ्याजवळ आले, दुसरीकडे बघत म्हणाले, "मॅडम, खात्यापुढे ठेवता येईल असं काहीतरी आणा. मी अडवणार नाही."

परत येताना आई जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

५ डिसेंबर

जमलं! जमलं!

मला हे आधी का सुचलं नाही? सगळा ढिगारा मागत होते तिथेच घोडं अडत होतं. दोन भाग करायचे. खालचा अर्धा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथेच थर देऊन दाबायचा, त्यावर रस्ता. वरचा अर्धा पूर्ण उपसायचा — मोरीचं तोंड तिथेच आहे आणि भिंतीचा पायाही. दोन्ही कामं एकाच वेळी. खाली रोलर चालेल तोवर वर पोकलेन चालेल, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. साठ दिवसांत बसतं. विलंब कमीत कमी — त्यांचंच कलम, त्यांच्याच तोंडात!

इतका देखणा तक्ता मी आयुष्यात काढला नाही. दोन पट्ट्या, एक वर एक खाली, दोन्ही एकाच तारखेला संपणाऱ्या. त्याने पाहिला असता तर शिट्टी मारली असती. "नोकरी सोड आणि वकील हो," म्हणाला असता.

आईंना कागदावर काढून समजावलं. नीट लक्ष देऊन ऐकलं. मग खालच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हा भाग? हा तसाच दाबायचा?"

"तिथे नुसती माती आहे, आई."

"बरं," म्हणाल्या.

आज पोटभर जेवले. किती दिवसांनी.

१२ डिसेंबर

मंजूर! साठ दिवस, एक मार्चपर्यंत. दशांशांच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे — "कंत्राटदाराचा प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या उत्कृष्ट आहे." ती ओळ त्यांनी कुणासाठी लिहिली ते मला कळलं.

मालकांनी पत्र हातात दिलं आणि म्हणाले, "मॅडम, जिंकलात." मॅडम! मी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. काय जिंकले मी? नवऱ्याचं प्रेत उपसायची परवानगी. पण जिंकले. हो, जिंकले. मला तो परत हवा आहे, कसाही. त्याच्या हाताला एकदा हात लावायचा आहे. मग जे काय करायचं ते करा.

१६ डिसेंबर

काम सुरू झालं. खाली रोलर, वर पोकलेन. मी रोज जाणार.

२९ डिसेंबर

वरचा डोंगर अजून भरवशाचा नाही, म्हणून हळूहळू चाललंय. खालचं मात्र झपाट्याने. थर टाकतात, पाणी मारतात, रोलर फिरतो. पुढे, मागे, पुढे, मागे. मी जेवणाचा डबा घेऊन खालच्या बाजूलाच बसते, तिथे सपाट झालंय आणि ऊन असतं. वरचं बघवत नाही.

८ जानेवारी

पोकलेनवाला आज म्हणाला, "ताई, रागावू नका, पण तुम्ही समोर उभ्या राहू नका. मला बकेट चालवता येत नाही." खाली येऊन बसले. तो मातीतून बकेट असं फिरवतो, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण काढावं. जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं, साहेबांशी तुझं कसं जमायचं. "रोज शिव्या द्यायचे," म्हणाला. "डिझेल जास्त जाळतोस म्हणून. आणि माझ्या पोरीचं नाव शाळेत घालायला स्वतः आले होते."

मला हे माहीत नव्हतं. घरी सांगितलं नव्हतं त्याने. अजून काय काय सांगितलं नसेल?

१९ जानेवारी

कोठार लागलं. सिमेंटची पोती दगड झाली आहेत, पोत्याच्या शिवणीसकट. केबिन त्याच्या मागेच. घाई करू नका म्हणाले मी. आणि मनात — लवकर करा, लवकर करा.

२७ जानेवारी

आईंनी विचारलं, "ओळखू येईल का गं तो?" मी म्हटलं, मी ओळखीन. "मी आधी ओळखीन," म्हणाल्या. आमचं यावरून भांडण झालं! खरंखुरं, आवाज चढवून. मग त्यांनीच माघार घेतली. "बरं बाई, तू आधी."

३ फेब्रुवारी

खालचा भाग पूर्ण. ठरल्यापेक्षा बराच आधी. दशांश येऊन तपासून गेले, कुठेही खचत नाही, दगडासारखा झालाय. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर कंत्राटदारातर्फे मी सही केली. बरं वाटलं. आता सगळी यंत्रं वर नेता येतील.

दशांश म्हणाले, "मॅडम, एवढं वेळेत झालेलं काम मी क्वचित पाहिलंय."

९ फेब्रुवारी

केबिनचं छप्पर दिसलं.

चेपलंय, पण आहे. निळा रंग आहे अजून. पोकलेन थांबवली, आता फावड्यांनी. पोकलेनवाला खाली उतरून माझ्याजवळ आला, शेजारी उभा राहिला.

घरी आले. आईंना सांगितलं. त्यांनी कपाट उघडून माझ्यापुढे त्याचे दोन शर्ट धरले. "कुठला?" मी पांढरा म्हटलं. इस्त्री करून ठेवलाय.

मी काय करू तिथे? पाया पडू? मिठी मारू? ओरडू त्याच्यावर — इतका उशीर? त्याच्यावर ओरडण्याचीच मला सवय आहे. मला त्याची आठवण येते. इतकं साधं वाक्य आहे आणि ते मी एवढ्या सगळ्या दिवसांत एकदाही लिहिलं नव्हतं. मला त्याची फार आठवण येते.

११ फेब्रुवारी

केबिन मोकळी झाली. दार शाबूत. दाराला बाहेरून कुलूप.

तोडून आत गेलो. टेबल, खुर्ची, चिखल. कुणी नाही.

तो काम आटोपून, कुलूप लावून, घरी यायला निघाला होता. घरचा रस्ता खालून येतो.

खालचा भाग दाबून झालाय. मुदतीच्या आधी.